सुरमा महालात दोघांसाठी टेबल

सोमवार, ४ मार्च
सकाळी चहा ओतताना ग्लेनिस म्हणाली, क्लिफर्ड, मला तुझ्याशी शांतपणे बोलायचंय. म्हटलं, बोल की. तर म्हणे, आत्ता तू पेपर वाचतोयस. खरं होतं. पेपर खाली ठेवलाही असता, पण फुटबॉलचं पान अर्धं राहिलं होतं. मग म्हणाली, पुढच्या शनिवारी संध्याकाळी बोलू, तोवर मला नीट विचार करू दे.
काय असेल? माझं प्रमोशन, दुसरं काय. शोरूमचे मॅनेजर लिडिएट उन्हाळ्यात रिटायर होताहेत आणि किडरमिन्स्टरमध्ये गालिच्यातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. बायकांना अशा गोष्टींचा आधी वास लागतो. काहीतरी भेटवस्तू द्यायचा बेत दिसतो. आश्चर्य वाटल्याचा चेहरा आरशात करून पाहिला. बरा जमला.

बुधवार, ६ मार्च
शोरूममध्ये कीथ स्टॅलर्डला सहज सांगितलं. कीथचे दोन घटस्फोट झालेत, त्यामुळे संसाराचा अनुभव दांडगा. तो टेप गुंडाळायचा थांबला. म्हणाला, 'शांतपणे बोलायचंय' असं म्हणाली? हेच शब्द? अरे बाबा, घरात बोलू देऊ नकोस. हॉटेलात ने. चार लोकांत आवाज चढत नाहीत.
आवाज कशाला चढतील, मी विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. बिचाऱ्याला सगळीकडे स्वतःचंच दिसतं.
पण हॉटेलची कल्पना चांगली आहे. ग्लेनिसची नेहमीची तक्रार, की मी नवीन काही करत नाही, कुठे येत-जात नाही. संकल्प : शनिवारी कँडललाइट डिनर. पदार्थसुद्धा नवीन.

गुरुवार, ७ मार्च
गुरुवारी ग्लेनिस चर्चच्या क्वायरमध्ये गायला जाते. गेली कित्येक वर्षं. गुरुवारी मी टोस्ट खातो. टोस्ट खाता खाता हॉटेल ठरवलं. शोरूमच्या मागच्या गल्लीत ते इंडियन रेस्टॉरंट आहे, सुरमा महाल. रोज समोरून जातो, आत कधी पाऊल टाकलेलं नाही. चालत जाता येतं, गाडी काढायला नको.
फोन केला. दोघांसाठी टेबल, सोळा तारीख, नाव ब्रूम. तिकडचा माणूस फारच अदबीनं बोलला. आवाजावरून माणूस कळतो लोकांना.

शुक्रवार, ८ मार्च
सांगितलं. वाटलं होतं, गळ्यात पडेल. ती बटाटे सोलत होती ती थांबली. कुठे म्हणालास? म्हटलं, सुरमा महाल. म्हणाली, तिथे नको. का? तिथे नको, क्लिफर्ड. दुसरीकडे कुठेही जाऊ. बोलायचं ते घरीच बोलू. मी समजावलं, की घाबरू नकोस, तिखट नसलेलंही काही मिळत असेल. मी असताना काळजी कशाला? त्यावर तिनं सोललेलाच बटाटा पुन्हा सोलला.
शेवटी म्हणाली, ठीक आहे. कदाचित तिथेच बरं.
बायकांना आधी नाही म्हणायची सवय असते.

सोमवार, ११ मार्च
दिवस वाईट. दुपारी क्वायरचे मास्तर पंफ्री जिन्याला गालिचा बघायला आले. मी आपुलकीनं विचारलं, आमची ग्लेनिस कशी गाते? ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, मिस्टर ब्रूम, क्वायर बंद होऊन जमाना झाला. चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हाच. तुम्हाला माहीत नाही?
म्हटलं, माहीत आहे, गंमत केली.
गालिचा उलटा दाखवला. त्यांच्या लक्षात आलं.
घरी आलो तर ग्लेनिस गुणगुणत इस्त्री करत होती. काही बोलायचंच नाही असं ठरवलंय. शनिवारी बोलू. मी शांत आहे.

मंगळवार, १२ मार्च
शांत आहे. झोप लागली नाही, पण ती उशीमुळे.
शक्यता एक : ती गुपचूप दुसऱ्या क्वायरमध्ये गाते. शक्यता दोन : माझ्या वाढदिवसासाठी काहीतरी शिकते आहे. तिसरी शक्यता लिहीत नाही.
दातांचा डॉक्टर? तो बुटका आहे. लायब्ररीतला तो दाढीवाला? तिच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवतो खरा. कीथला विचारलं, बायको खोटं बोलते हे कसं ओळखावं. म्हणाला, मला दोन्ही वेळा वकिलाकडून कळलं.
हिरव्या मिरच्या आणल्या. शनिवारी टेबलावर डगमगायचं नाही. पुरुषानं तिखट खावं, समोरच्यावर वचक बसतो. आज एक खाल्ली. मग बराच वेळ बागेत उभा होतो.

गुरुवार, १४ मार्च
ती कोट घालून निघाली. मी अगदी सहज विचारलं, हल्ली कुठली गाणी चाललीयत? नेहमीचीच, ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.
मागे जायचं मनात आलं होतं. बूटही घातले. पण टीव्हीवर मॅच होती आणि पाठलाग करणं आपल्या स्वभावात नाही.
परत आली तेव्हा गाल लाल, चेहरा प्रसन्न. इतकी प्रसन्न मला शनिवार-रविवारी दिसत नाही. ती वर गेल्यावर कोट हुंगला. तळलेला कांदा, लसूण, आणखी काहीतरी.
म्हणजे तो स्वयंपाक करतो.
मिरच्या दोन खाल्ल्या. रागानं.

शनिवार, १६ मार्च, संध्याकाळ
निळा सूट. टाय ग्लेनिसनं दिलेला, की बॉसनं, आठवत नाही. मला तिच्यावर ओरडायचं नाही. पापड येईपर्यंत इकडचं तिकडचं. जेवण आलं की सरळ प्रश्न. ती रडेल, मी रुमाल देईन, क्षमा करीन. गोड पदार्थापर्यंत सगळं मिटलेलं असेल. आल्यावर सविस्तर लिहीन.
ती खाली उभी आहे. हिरवा ड्रेस घातलाय. हा ड्रेस माझ्या ओळखीचा नाही.

रविवार, १७ मार्च, सकाळ
पोट अजून ठीक नाही. जे घडलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे त्यात काही विशेष नव्हतं हे लक्षात येईल.
दार उघडलं तर काळ्या बो-टायतला मालक धावत आला. तोफज्जुल मियाँ त्याचं नाव. मी हसून पुढे झालो. तो मला वळसा घालून गेला आणि ग्लेनिससमोर उभा राहून म्हणाला, आपा! आज शनिवारी कशा? मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत. आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मलाच लाजल्यासारखं झालं. या सर, या, या. घर समजा.
कोपऱ्यातलं सगळ्यात चांगलं टेबल. दिवा लावला. फुलदाणी दुसऱ्या टेबलावरून उचलून आमच्यावर ठेवली. म्हटलं, सुटाचा परिणाम. इतक्यात आतून स्वयंपाकी हात पुसत आला आणि मला बघून, मान डोलावून परत गेला. मीही मान डोलावली. ग्लेनिसचे कान लाल झाले होते. तिनं त्याला हाक मारून विचारलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तो म्हणाला, झालं आपा, आता सिल्हेटच्या घरून फोनवर ओरडते, की तुझा फोटो नीट दिसतो, तू जाड झालायस. ग्लेनिस हसली. मोठ्यानं. आजूबाजूचे लोक बघतील म्हणून मी मेनू उघडून धरला.
हिला यांच्या आईचे डोळे कसे माहीत? विचारणार होतो, पण पापड आले. ठरलं होतं त्याप्रमाणे इकडचं तिकडचं बोललो. लिडिएटच्या रिटायरमेंटबद्दल बराच वेळ बोललो. ती चटणीच्या वाट्या सरळ रेषेत लावत होती.
ऑर्डर. मी म्हटलं, विंदालू, मेनूतलं सगळ्यात तिखट. तोफज्जुल मियाँ वाकून हळूच म्हणाले, सर, पहिल्यांदा जरा मध्यम घ्या. म्हटलं, मला मध्यम सांगू नका. ग्लेनिसनं काहीच मागवलं नाही. तरी तिच्यासाठी मासा आला, आंबटसर वासाच्या कसल्याशा सालीत शिजवलेला. मेनूत तो कुठेही नाही, मी नंतर पाहिलं. आणि काटा-चमचा बाजूला सारून तिनं हात धुतले आणि हातानं जेवायला लागली. भात, मासा, बोटांनी काटे काढून, एकेक घास. आमचं लग्न झालं तेव्हापासून मी या बाईला सुरी-काट्यानं केळं खाताना पाहिलंय.
मी सरळ प्रश्न टाकला. क्वायर कसं चाललंय?
ती म्हणाली, क्वायर केव्हाच बंद झालं, क्लिफर्ड.
एवढ्या चटकन कबूल करेल असं वाटलं नव्हतं. पुढचा प्रश्न तयार नव्हता. विंदालूचा मोठा घास घेतला. ती चूक होती.
ती म्हणाली, गुरुवारी मी इथे येते. याच टेबलावर.
कोणाबरोबर?
पुस्तकाबरोबर.
गंमत करू नकोस, मी म्हणालो. खरं सांग, कोण आहे तो? आवाज थोडासा चढला असेल. शेजारच्या जोडप्यानं वळून पाहिलं. ती म्हणाली, कोणी नाही. क्वायर बंद झालं त्या गुरुवारी घरी परत यायला निघाले होते. कोपऱ्यावर आले आणि पाय वळेनात. इथे दिवा दिसला, आत आले. इथे मला कोणी विचारत नाही, की कात्री कुठे आहे.
यावर कोण विश्वास ठेवेल? मी टाळी वाजवून मालकाला बोलावलं. म्हटलं, खरं सांगा, या इथे कोणाबरोबर येतात? ग्लेनिस म्हणाली, क्लिफर्ड, नको. मी म्हटलं, त्यांना सांगू दे.
तोफज्जुल मियाँचा चेहरा पडला. त्यांनी छातीवर हात ठेवला. सर, मनात काही आणू नका, आपा कायम एकट्याच येतात. आम्ही घरची माणसं, आमच्यापासून काय लपणार? साहेब गेल्यापासून त्यांनी कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. तुम्हीच पहिले. म्हणून तर आज आम्हाला एवढा आनंद झाला.
साहेब? कोण साहेब? कुठे गेले?
त्यांचे मिस्टर, ते म्हणाले. खुदा त्यांना जन्नत देवो.
पंखा फिरत होता. ग्लेनिसचा घास हातातच राहिला. मग तिनं तो ताटात ठेवला, बोटं पुसली, उभी राहिली आणि म्हणाली, तोफज्जुलभाई, हेच क्लिफर्ड. माझे मिस्टर.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. परत माझ्याकडे. मग अगदी मनापासून विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना आता?
म्हटलं, उत्तम.
ते उलट्या पावलांनी आत गेले. आत काहीतरी मोठ्यानं पडलं.
ग्लेनिस खाली बसली. म्हणाली, मी असं कधी म्हटलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, मिस्टर येत नाहीत का बरोबर? मी म्हटलं, तो आता कुठे येत-जात नाही. त्यांना वाटलं... त्यांनी त्या दिवशी मला खीर आणून दिली. एवढ्या प्रेमानं दिली, की मला सांगवेना. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. मग राहूनच गेलं.
किती दिवस राहून गेलं?
ती म्हणाली, खरं सांगू? पहिल्यांदा लाज वाटायची. मग एके दिवशी लक्षात आलं, की मला ते खोटं वाटतच नाही. घाबरले, क्लिफर्ड. म्हणूनच तुझ्याशी बोलायचं होतं.
मी मेलो आहे हे मला सोडून सगळ्या किचनला माहीत होतं! विंदालू खात राहिलो. अर्धवट टाकणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात ती पुढचं बोलली. तिच्या माहेरच्या गावी, वेल्समध्ये, अ‍ॅबरिस्टविथला, समुद्रासमोर जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथे तिला नोकरी मिळाली आहे. वर दोन खोल्या आहेत. महिनाअखेर जाते आहे. मी म्हटलं, किती दिवसांसाठी? ती म्हणाली, दिवसांसाठी नाही.
माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाकातूनही. तिखटानं. फक्त तिखटानं, हे मी तिला दोनदा सांगितलं. शेजारच्या बाईनं पर्समधून टिश्यू काढून माझ्यापुढे ठेवला आणि ग्लेनिसकडे असं पाहिलं, की जणू तिनंच मला मारलंय. ग्लेनिसनं दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, पाणी पिऊ नकोस, पाण्यानं वाढतं. दही खा.
खाल्लं. फरक पडला.
एकंदरीत संध्याकाळ वाईट गेली नाही. मोकळेपणानं बोलणं झालं.

सोमवार, १८ मार्च
कीथ म्हणाला, कसं झालं? म्हटलं, ग्लेनिस थोडे दिवस समुद्रावर हवापालटाला जाते आहे. त्यानं डबा उघडला. मला बिस्किट दिलं.

रविवार, २४ मार्च
लेकीचा ब्रिस्टलहून फोन. रोझलिंड म्हणाली, डॅड, तू ठीक आहेस ना? म्हटलं, तुझ्या आईचं हे खूळ पंधरवड्यात उतरेल, तिला दमट हवा सोसत नाही. ती म्हणाली, डॅड, ती तिथेच वाढलीय. मग म्हणाली, तू तिला कधी 'जाऊ नकोस' असं म्हटलंस का?
म्हटलं नाही. ते काय सांगायला हवं? उद्या म्हणेन.

शुक्रवार, २९ मार्च
उद्या जाते आहे. म्हणायचं राहिलं. आज नक्की म्हणणार होतो, पण ती बॅग भरत होती आणि मला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते दाखवत होती. विषय निघाला नाही.

शनिवार, ३० मार्च
स्टेशनवर म्हटलं. गाडी हलल्यावर. काच बंद होती. तिनं हात केला.

शनिवार, १३ एप्रिल
पंधरवडा झाला. परत आली नाही. दमट हवेला वेळ लागतो.
घर व्यवस्थित आहे. शर्ट गुलाबी झाले, पण उठून दिसतात. मॅनेजरची जागा बाहेरच्या एका बाईला मिळाली. मी अर्ज केला नव्हता. मला वाटलं, विचारतील.

सोमवार, २२ एप्रिल
ठरलं. शनिवारी अ‍ॅबरिस्टविथ. तिला घेऊन यायचं. या वेळी बेत पक्का आहे : आपण कमी बोलायचं, तिला बोलू द्यायचं. रोझलिंडची सूचना, पण मलाही सुचलीच असती. येताना तिची बॅग जड असेल, म्हणून माझी नेत नाही. परतीची दोन तिकिटं काढली.

शनिवार, २७ एप्रिल, परतीच्या गाडीत
दुकान सापडलं. ग्लेनिस शिडीवर होती. मला बघून दचकली, पण खाली उतरली. केस कापलेत. चांगले दिसतात. तसं म्हणालो. तिनं केसांना हात लावला आणि म्हणाली, खरंच?
समुद्राकाठच्या बाकावर बसलो. मी विचारलं, कशी आहेस? आणि गप्प बसलो. कठीण असतं. मग ती बोलायला लागली. दुकानाचा मालक बहिरा आहे, गिऱ्हाइकाला हवं त्यापेक्षा भलतंच पुस्तक देतो, आणि लोक तेच घेऊन जातात. वरच्या खोलीतून भरतीचा आवाज येतो. लहानपणी वडील तिला याच बाकावर बसवून मासेमारांची नावं सांगायचे. वडिलांबद्दल मला हे काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं, मग? ती पुढे सांगत गेली. मी पुन्हा म्हटलं, मग? अख्खी दुपार गेली. एक सीगल माझ्या सँडविचचा अर्धा भाग घेऊन गेला तेव्हा ती एवढी हसली, की तिला माझा खांदा धरावा लागला. मीही हसलो. गालिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.
मनात म्हटलं, जमलं. दोन तिकिटं खिशात होती, मधूनमधून चाचपून बघत होतो.
ऊन उतरल्यावर ती माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आली. म्हणजे अर्थ उघड होता. फलाटावर मी तिकिटं काढायला खिशात हात घातला आणि ती म्हणाली, क्लिफर्ड, आज खूप बरं वाटलं. खरंच. तू आलास, फार छान झालं. आणि तिनं हात पुढे केला.
मला कळलं नाही. वाटलं, तिकीट मागतेय.
शेकहँडसाठी होता.
मी हात मिळवला. आणखी काय करणार? तिनं माझा हात थोडा वेळ धरून ठेवला, प्रेमानं, पाहुण्याचा धरतात तसा, आणि म्हणाली, पोहोचलास की फोन कर.
समोरची सीट रिकामी आहे. तिकीट तपासनीस आला, दोन्ही तिकिटं पाहून म्हणाला, दुसरं कोण, डब्यात दिसत नाही? म्हटलं, ती अ‍ॅबरिस्टविथलाच राहते.